स्कूटरवर उलटं बसून हलगी

हलगी वाजवणाऱ्याची खरी परीक्षा एकच. लोकांनी शिट्ट्या मारल्या की त्याचा हात पळतो का नाही? माझा पळायचा. नुसता पळायचा नाही, मला मागं टाकून पळायचा.

मी शाळेत गेलोच नाही असं नाही. तीन महिने गेलो. मास्तरांनी पाढे म्हणायला लावले अन् मी पाटीवर बोटं वाजवायला लागलो. बे एके बेला धरलेला ठेका बे दाहे वीसपर्यंत असा तापला की मागची पोरं उठून नाचायला लागली. मास्तर म्हणाले, "ह्याला उद्यापासून पाठवू नका." बापानं ऐकलं अन् मला म्हशीमागं लावलं. तेव्हापासून आकड्यांचं अन् माझं जमलं नाही. पाचाच्या पुढं मोजायचं म्हटलं की मला दुसरा हात लागतो, अन् दुसऱ्या हातात कायम हलगीचं टिपरू असतं. हे आत्तासुद्धा मी बोलतोय अन् पोरगी लिहितेय.

त्या वेळी मी कांदा-बटाट्याच्या मार्केटात हमाली करायचो. राहायला कोपरखैरण्यात, एका खोलीत. आमची टोळी सगळी साताऱ्याकडची, म्हणून टोळीत लेझीमही होतं. मुकादम घुमकं वाजवायचे अन् मी हलगी. हलगी कडकड बोलते, घुमकं खाली बसून घुमतं अन् हलगीला धरून ठेवतं. मुकादमांचं निम्मं आयुष्य मला धरून ठेवण्यात गेलं.

ते म्हणायचे, "लेका, लय म्हंजी पाठीवरचं पोतं. पळत सुटलास तर तुझ्या आधी पोतं पडतंय. हात दुप्पट कर, चौपट कर, पर पाय त्योच ठेव."

मी मान डोलवायचो. मान लयीत डोलायची. मग चाळीस माणसं लेझीम घेऊन उभी राहायची, कुणीतरी शिट्टी मारायचा अन् माझ्या हाताच्या अंगात यायचं. लेझीमवाले वाकायच्या आत मी त्यांना उठवायचो, उठायच्या आत वाकवायचो. एका वर्षी गावच्या जत्रेत पुढच्या रांगेतल्याची लेझीम मागच्याच्या नाकावर बसली. त्यानं पुढं वर्षभर माझ्याशी बोलताना नाकावर हात धरला.

तर अशा माणसाकडं बायकोचा भाऊ राहायला आला.

वय बाविशीचं. अबोल, अंगानं काटकुळा, मांड्या तेवढ्या घाटातल्या बैलासारख्या. पावणे गावातल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होता, टेंपररी. ते मशीन दिवसभर डोक्यात घाव घालतं म्हणून गडी कानात कापूस घालून काम करायचा. संध्याकाळी घरी येऊनही कापूस काढायचं विसरायचा. मी अर्धा तास बोलून दमलो की तो म्हणायचा, "काय दाजी?"

खिशात कायम कापसाचा बोळा. मी म्हणायचो, "पाव्हणं, गादीवाल्याकडं लागलाय का कारखान्यात?"

कारखान्यातली पद्धत अशी की सात महिने झाले की ब्रेक. घरी बसा, मग परत बोलावू. त्याला असे दोन ब्रेक झाले होते. दुसऱ्या ब्रेकात तो आमच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायचा अन् बायको माझ्याकडं बघायची, जणू कारखाना माझाच आहे. आता तिसरा ब्रेक जवळ आला होता. सोमवारी, म्हणजे शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी.

हां, शर्यत. त्याच्या मालकाला खेळाचं वेड. त्या पट्ट्यातल्या कारखान्यांची थंडीत एक सायकल शर्यत व्हायची, आसपासच्या गावची पोरंही उतरायची. मालक ह्याला म्हणाला, "पहिल्या तिघांत ये, तुला पर्मनंट करतो. मग ब्रेक नाही." चार माणसांसमोर म्हणाला.

ह्यानं वाकड्या हँडलची जुनी सायकल घेतली. ठेवायला जागा नाही म्हणून खोलीत भिंतीवर दोन खुंट्या ठोकून टांगली, बरोबर मी दुपारी जिथं आडवा व्हायचो तिथं. चेनचं तेल माझ्या कपाळावर ठिपकायचं. मी उठलो की बायको म्हणायची, "मारुतीला शेंदूर, तसं तुम्हाला ग्रीस."

पण तिच्या हसण्यात जीव नव्हता. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आईला शब्द दिलाय मी, ह्याचं बस्तान बसवूनच पाठवीन म्हणून. तीन वेळा घरी बसलेल्याला पोरगी कोण देतंय?"

मी बोलायला तोंड उघडलं.

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. "तेवढं केलंत तरी खूप."

पण मला काही न करता बसता येत नाही हाच माझा आजार.

त्या काळात आमच्याकडं रस्ते आधी झाले होते, गाड्या मागनं यायच्या होत्या. रविवारी सकाळी मैदानासारखे रुंद रस्ते मोकळे पडलेले असायचे, दोन्ही बाजूला गवत, मधूनच एखादी अर्धी बिल्डिंग. पाव्हणा तिथं सराव करायचा. एक दिवस मी मुकादमांना घेऊन बघायला गेलो. पोरगं सुटलं ते असं सुटलं की आम्ही दोघांनी तोंडं उघडी टाकली. पहिल्या दोन फेऱ्या वाऱ्यासारख्या. तिसरीला मान हलायला लागली. पाचवीला सायकल अन् तो दोघंही दारू प्याल्यासारखे. सहावी फेरी झालीच नाही, तो गवतात आडवा.

मुकादमांनी तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली अन् माझ्याकडं बघितलं. "आरं, ह्याचा आजार तर तुझाच हाय."

"माझा?"

"तू हलगीवर करतोस त्येच ह्यो सायकलीवर करतोय. दोघांनाबी वाटतंय, कला म्हंजी पळनं. आरं, पळता कुनालाबी येतंय. म्हैसबी पळती. हात राखून ठेवायचा आन् बरोबर जागंवर सोडायचा, त्यात खरी कला हाय. त्याच्या खालनं रस्ता जातोय, तुझ्या खालनं घुमकं जातंय, बाकी फरक काय?"

मला ते इतकं पटलं की मी तिथंच बोलून गेलो, "मग मी वाजवतो की त्याच्यासाठी! हलगी ऐकत सायकल मारंल. लय आपोआप बसंल."

मुकादम थुंकले. "ज्याला पवता येत न्हाई त्यानं दुसऱ्याला पवायला शिकवायचं?" पण मग स्वतःच विचारात पडले. "तुझाबी हात बसंल कदाचित. बघू."

असा आमचा सराव सुरू झाला. मुकादमांची जुनी स्कूटर. ते चालवायचे, मी मागं उलटं तोंड करून बसायचो, गळ्यात हलगी, पाय मागच्या स्टेपनीवर टेकवलेले. पडू नये म्हणून सुतळीनं मला मुकादमांच्या पाठीला बांधायचं, पोतं बांधतात तसं. अन् माझ्यासमोर, हातभर अंतरावर, पाव्हण्याची सायकल. मी वाजवणार, तो त्या ठेक्यावर पायडल मारणार. मी जलद घेतली की त्यानं सुटायचं.

पहिल्या दिवशी बायको दारात उभी राहून बघत होती. "गाढवावर उलटं बसवून धिंड काढतात असं ऐकलं होतं. तुमची स्कूटरवर निघाली."

रस्त्याकडेच्या एका बिल्डिंगचा वॉचमन आम्हाला बघून काठी टेकून उभा राहिला. दुसऱ्या फेरीला त्यानं त्याच्या बायकोला बोलावलं. तिसऱ्या फेरीला तिनं शेजारणीला. अन् झालं. बघणारे आले म्हटल्यावर माझा हात गेला. कडकड कडकड. मुकादमांना पुढचं दिसत होतं पण कानात माझी हलगी, त्यांची मूठ आपोआप पिळली जायला लागली. स्कूटर पळाली. पाव्हणा मागनं जीव खाऊन मारतोय, डोळे पांढरे, जीभ बाहेर. "दाजी... जरा... हळू..." मला वाटलं शाबासकी देतोय. मी अजून जलद घेतली.

तो गवतात बसून ओकला. मुकादमांनी सुतळी सोडली अन् मला तसंच खाली पाडलं.

"तू पळतोस म्हनून माझी मूठ पळती, आन् माझी मूठ पळती म्हनून पोरगं मरतंय!"

पुढच्या रविवारी तेच. फक्त ह्या वेळी वॉचमनच्या बायकोनं खुर्ची आणली होती.

मी मनाला फार लावून घेतलं. खरंच. मार्केटात पोती उचलताना पावलं मोजायला लागलो. हळू, हळू, म्हणत चालायचो तर मागचे ओरडायचे, "काय वरात हाय का?" घरी ताटावर, डब्यावर, पायरीवर, जिथं बोट पडंल तिथं ठेका. बायकोनं झारा, पळी, उलथनं सगळं ट्रंकेत टाकलं. मी स्वतःच्या गुडघ्यावर वाजवायला लागलो. तिनं गुडघ्यावर उशी ठेवली. बसलो की उठावं वाटायचं, उठलो की सायकलचं चाक फिरवावं वाटायचं. चाक फिरवलं की कपाळावर तेल.

अन् मग तिसऱ्या रविवारी चमत्कार झाला.

पोरगं सुधारलं. एकदम. मी वाजवतोय, पाव्हणा माझ्यासमोर एका लयीत पायडल मारतोय, घड्याळासारखा. माझा हात पळाला, ते तर होणारच होतं. मुकादमांची स्कूटर पुढं गेली. पण पाव्हणा आपल्या जागी, आपल्या चालीनं. मुकादम शिव्या देत स्कूटर हळू करायचे तेव्हा तो परत हातभर अंतरावर यायचा. सहाच्या सहा फेऱ्या मारल्या, शेवटी उभा राहून असा सुटला की आम्हाला मागं टाकून गेला.

एकच गोष्ट मला वेगळी वाटली. तो पूर्ण वेळ मान खाली घालून माझ्या पायांकडं बघत होता. मला वाटलं, आदर. घरात मोठा माणूस म्हणून बघत असंल. पण माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला, मला लाज वाटली, मी पाय आत ओढला. तर हा ओरडला, "दाजी, पाय तिथंच ठेवा!"

मी म्हटलं, बघा किती जीव लावतंय पोरगं. मी पडीन म्हणून घाबरलं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "हा माझ्या हाताचा गुण आहे." ती चहा गाळत होती. गाळणीत बघून हसली. चौथ्या रविवारीही तसंच झालं तेव्हा मी टोळीत सगळ्यांना सांगून टाकलं की मी सायकलचा कोच झालोय.

शर्यतीच्या आठवड्यात मात्र मला भाकर गिळेना. पाव्हणा शांत. कामावर जायचा, यायचा, चेनला तेल, टायरला हवा. सोमवारच्या ब्रेकचा कागद त्याच्या हातात आधीच पडला होता, घडी करून त्यानं तो बहिणीकडं दिला अन् तिनं देवाच्या फोटोमागं ठेवला. मी येता-जाता त्या फोटोकडं बघायचो. देव कागदाला टेकून उभा असल्यासारखा दिसायचा.

रविवार उजाडला. रस्त्यावर चुन्याची रेघ, बांबूला झेंडा. वीसेक पोरं उतरलेली, कारखान्यांची, गावांची. सहा फेऱ्या, ज्यानं त्यानं आपल्या मोजायच्या. मी जागा धरली ती शेवटच्या वळणावर, एका उलट्या क्रेटवर उभा. तिथनं झेंडा हाकेच्या अंतरावर. ठरलं होतं असं की पाच फेऱ्या मी सावकाश चाल वाजवायची अन् सहाव्या फेरीला पोरगं वळणावर आलं की जलद घ्यायची. ती ऐकली की त्यानं सुटायचं.

मोजायची सोय मी केली होती. मार्केटातनं सहा बारके बटाटे आणून खिशात टाकले होते. फेरी झाली की एक बटाटा काढून क्रेटवर ठेवायचा. खिशातला शेवटचा बटाटा निघाला, म्हणजे सहावी फेरी. एवढं तर म्हशीलाही जमलं असतं.

पहिली फेरी. चाल. बटाटा. दुसरी. बटाटा. पाव्हणा सात-आठ जणांच्या घोळक्यात, मधोमध, मान खाली. जाताना माझ्या पायांकडं बघून गेला. सगळ्यात पुढं जासई गावचं एक पोरगं, लाल बनियन, काळं, तुकतुकीत, हसत सायकल मारणारं. तिसरी. चौथी. माझा हात बसलेला होता. मुकादम शेजारी उभे होते, ते म्हणाले, "आज गुनी झालाय गडी."

हे त्यांनी बोलायला नको होतं.

कारण तेवढ्यात आमची टोळी आली. डोक्याला फडकी बांधलेले पंधरा-वीस हमाल, खास माझ्या मेहुण्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी, म्हणजे मला आपलं तसं वाटत होतं. घोळका पाचव्यांदा वळणावर दिसला अन् त्यातल्या एकानं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. मग सगळ्यांनी. "हाण! हाण की रं!"

खिशात दोन बटाटे होते. मांडीला लागत होते, मला कळत होतं. एक काढायचा होता अन् एक राहायचा होता. पण काढायला हात मोकळा कुठं होता? तो तर केव्हाच सुटला होता. कडकड कडकड कडकड. आयुष्यात वाजवली नाही अशी जलद मी त्या वेळी वाजवली. पूर्ण एक फेरी आधी.

घोळका पेटला. लाल बनियन उभं राहिलं अन् सुटलं. त्याच्या मागं सगळे. झेंड्यापर्यंत जीव तोडून गेले, लाल बनियननं दोन्ही हात वर केले. झेंडेवाला नाचत ओरडत होता, "अजून एक! अरे, अजून एक फेरी!"

अन् आमचा पाव्हणा? तो सुटलाच नाही. माझ्या पायांकडं बघितलं अन् तसाच गेला, आपल्या चालीनं, एकटा मागं. बघता बघता सगळे पुढं अन् तो शेवटी.

मुकादमांनी माझं मनगट धरलं. "आरं खिशात बघ, मुडद्या!"

मी बघितलं. दोन बटाटे. मी ते हातात घेऊन बघितले अन् परत खिशात टाकले. बायको पलीकडं लिंबाच्या सरबताचा तांब्या घेऊन उभी होती. तिच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती, पण आवाज आला, "वाजवा की. थांबलात कशाला?"

टोमणा एवढा सरळ कुणी मारत नाही. मी टिपरू खाली टाकलं.

ती सहावी फेरी. मला वाटतं मी त्या पाच-सात मिनिटांत दोन वर्षं म्हातारा झालो. डोळ्यासमोर देवाच्या फोटोमागचा कागद. उद्या सोमवार. पोरगं भिंतीकडं तोंड करून बसणार अन् ह्या वेळी बायकोनं माझ्याकडं बघितलं तर ते बरोबर असणार, कारण ह्या वेळी कारखाना खरंच मीच बंद केलेला. मी क्रेटवरनं उतरायचो, परत चढायचो. हात बगलेत दाबून धरले होते. पाय मात्र क्रेटवर थपथप थपथप चाललेलाच.

मुकादम ओरडले, "आरं, पाय तरी थांबव!"

तो थांबत नव्हता. त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं थांबायला.

मग ते दिसले. घोळका राहिला नव्हता, एकेक जण फाटलेल्या पोत्यातल्या कांद्यांसारखा रस्त्याभर सांडलेला. लाल बनियन तिसरं, खांदे डोलत, पाय जड. पुढं दोघं, ते त्यांच्या त्यांच्या नशिबानं. अन् लाल बनियनच्या मागं, एकेकाला ओलांडत, त्याच घड्याळासारख्या चालीनं, मान खाली घातलेला आमचा पाव्हणा. वळणावर आला. माझ्या पायाकडं बघितलं. अन् उभा राहिला सायकलवर.

हलगी वाजली नाही. शिट्ट्या होत्या की नव्हत्या मला आठवत नाही. झेंड्यापाशी दोन चाकं एकत्र गेली. झेंडेवाल्यानं बोट दाखवलं.

तिसरा. एका चाकानं.

मी धावत गेलो. पोरगं फूटपाथच्या दगडावर बसलेलं, पोट आत-बाहेर होतंय. मी खाली बसून त्याचे पायच धरले. "पाव्हणं, चुकलं माझं. मी आधीच घेतली. माझा हात... मी वाटोळं केलं होतं तुमचं... तुम्ही कसं काय..."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग मान वाकडी केली, एका कानात बोट घातलं अन् कापसाचा बोळा बाहेर काढला. दुसऱ्या कानातनं दुसरा.

"काय दाजी?"

मागं बायको तांब्या धरून इतकी हसत होती की सरबत तिच्याच पदरावर सांडत होतं. "आता तरी सांगू का? दुसऱ्या रविवारी ओकून घरी आला ना, तेव्हाच मी म्हटलं, मशीनवर घालतोस तेच घाल की दाजींसमोर."

मुकादमांनी डोक्याचं फडकं काढलं. "मग पोरा, ठेका कुठनं धरलास?"

पाव्हणा लाजला. मग माझ्या तुटक्या चपलेकडं बोट केलं.

"दाजींचा हात ऐकला की माझे पाय पिसाळतात. पन दाजींचा पाय... स्टेपनीवर आपटतो ना, तो कधी चुकत न्हाई. हात काय बी करू दे. मी त्याच्यावरच मारायचो. आन् फेऱ्या माझ्या मीच मोजल्या."

मुकादम म्हणाले, "मी ह्याला वीस वरसं बोंबलून सांगतोय पाय त्योच ठेव. आन् ह्यानं ठिवला हुता. फकस्त ह्यालाच म्हाईत न्हवतं."

सगळी टोळी हसत होती. मीही हसत होतो, माझं काय जातंय. तेवढ्यात लाल बनियन सायकल ढकलत आलं. श्वास अजून बसला नव्हता. रागावलेलं नव्हतं, तेच वाईट.

"काका, तुमीच वाजवलांव ना? मना वाटला आखरीच फेरी हाय. मी हात पन वर केलं." ते हसलं, पण पूर्ण हसू आलं नाही. "मी रोज मोजतंय फेऱ्या. आज हलगी आयकली न मोजायचा विसरलू."

मी खिशात हात घातला. दोन बटाटे. ते काही त्याला देण्यासारखे नव्हते. मी म्हटलं, "सरबत घेतोस का?" त्यानं घेतलं, तांब्या परत दिला अन् जासईच्या रस्त्याला लागला. चालत, सायकल हातात धरून.

सोमवारी ब्रेक झाला नाही. मालकानं शब्द पाळला, महिन्याभरात कागद आला. जुना कागद बायकोनं चुलीत घातला, नवा फोटोमागं ठेवला अन् शिरा केला. आईला पत्र गेलं. पाव्हण्याला स्थळं यायला लागली. घरात सगळं ठीक झालं अन् मला मात्र बसवेना. हलगी खुंटीवर, सायकलच्या शेजारी. लोकांना वाटलं मी रुसलोय. रुसलो नव्हतो. टिपरू हातात घेतलं की मला ते वर केलेले दोन हात दिसायचे. आजवर माझ्या पळत्या हातानं कुणाचं नाक फुटलं, कुणी ओकलं, सगळे हसून मोकळे झाले होते. ह्या पोराला हसता आलं नव्हतं. त्यालाही कुणी असाच काही शब्द दिला होता का, मी विचारलंच नव्हतं.

मग मार्केटातली पूजा आली. दरवर्षी लेझीम असायचं. मी मुकादमांना म्हटलं, दुसरा बघा.

"दुसरा कशाला? तुझा पाय हाय की."

"पायानं हलगी वाजत नाही, मुकादम."

त्या सकाळी मी हलगी शेकत बसलो होतो. कागद पेटवून चामडं गरम करायचं, ताणून बघायचं, परत शेकायचं. पाव्हणा कामावर निघाला होता. दारातनं परत आला, खिशातनं बोळा काढला, दोन तुकडे केले अन् माझ्या हातावर ठेवले. सायकल घेऊन गेला.

चाळीस माणसं उभी राहिली. मी कानात कापूस दाबला. मुकादमांनी घुमक्यावर थाप मारली, ती मला पोटात कळली, कानात नाही. मी खाली बघितलं. उजवा पाय. नवी चप्पल, बायकोनं पाव्हण्याच्या पहिल्या पक्क्या पगारातनं घ्यायला लावलेली. पाय वर जातोय, खाली येतोय. एवढाच बघत राहिलो. लोकांची तोंडं हलत होती, कुणीतरी तोंडात बोटं घातली, गाल फुगले. मी पायाकडं बघत राहिलो. लेझीमवाले वाकले, मी थांबलो. ते उठले. परत वाकले. किती वेळ, कुणास ठाऊक. मग मुकादमांनी मान हलवली, आता सोड, म्हणून. तेव्हा मी हात सोडला अन् पाय तोच ठेवला.

संपल्यावर लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. मुकादम काहीतरी बोलत होते, डोळे पुसत होते. मी कापूस काढला.

"काय म्हणालात, मुकादम?"

"एकदाच बोलनार हुतो," ते म्हणाले. "बोललो."

आयुष्यात एकदाच माझी लय पळाली नाही. अन् ती मी ऐकली नाही.